हीलियमशिवाय चालणारा चुंबक : विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग, भारत सरकार,
तसेच अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचे सर्व सन्माननीय सदस्य

स.न.वि.वि.

आपल्या टेबलावर पत्रांचा ढीग असतो, म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. राज्य विद्यापीठांना परवडेल आणि पेलवेल असा ४०० मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे ९.४ टेस्लाचा, एनएमआर (रेणूंची रचना ओळखणाऱ्या यंत्राचा) चुंबक उच्च तापमानाच्या अतिसंवाहकापासून, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या पदार्थापासून, भारतात बनवण्याचा प्रकल्प आपण हाती घ्यावा. आणि तो पुरा होईपर्यंत जी यंत्रे परदेशातून घ्याल, त्यांच्या निविदेत पुढच्या पंधरा वर्षांच्या हीलियमचा खर्च धरणे सक्तीचे करावे.

मी महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एनएमआर यंत्र सांभाळतो. नमुने लावणे, शिमिंग करणे (चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखे जुळवणे), ठरल्या दिवशी लिक्विड नायट्रोजन भरणे, हीलियमची पातळी वहीत नोंदवणे आणि ती उतरायला लागली की पुरवठादारामागे फोन करत बसणे ही माझी कामे. यातले शेवटचे काम दरवर्षी वाढत चालले आहे. टँकरला उशीर झाला, बंदरात अडकला, दर बदलले, आगाऊ रक्कम भरा, एवढा मिळणार नाही, निम्मा घ्या. विद्यापीठाच्या वित्त विभागाला मात्र मंजूर दरपत्रकाच्या बाहेर एक रुपया देता येत नाही. नवे दरपत्रक मंजूर होईपर्यंत चुंबकातला हीलियम थांबत नाही, तो उडतच राहतो.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एनएमआर यंत्राच्या पोटात नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचे वेटोळे असते. ही तार ९ केल्व्हिनच्या आसपास अतिसंवाहक होते, पण भरपूर विद्युतप्रवाह आणि मोठे चुंबकीय क्षेत्र सोसायचे तर तिला ४.२ केल्व्हिनवर, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसवर, द्रवरूप हीलियमच्या हौदात बुडवून ठेवावे लागते. एकदा प्रवाह सोडला, वेटोळ्याची दोन टोके अतिसंवाहक सांध्याने जोडली, की वीजपुरवठा काढून घेतला तरी प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो. एनएमआरला हवी असलेली स्थिरता याच युक्तीतून मिळते. पातळी ठरावीक खुणेखाली गेली तर मात्र तार कुठेतरी तापते, अतिसंवाहकता जाते आणि साठलेली सगळी ऊर्जा उष्णतेत बदलून हीलियम फुत्कार टाकत बाहेर पडतो. एका लिटर द्रवाचा साडेसातशे लिटरच्या आसपास वायू होतो, त्यामुळे बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडून जीवही जाऊ शकतो. याला क्वेंच म्हणतात. क्वेंच झालेला चुंबक पुन्हा थंड करायला शेकडो लिटर हीलियम आणि कंपनीचा अभियंता लागतो. लहान विद्यापीठाचा चुंबक एकदा असा बसला की तो उठतोच असे नाही.

भारतात वापरला जाणारा हीलियम जवळपास सगळा बाहेरून येतो. हा वायू नैसर्गिक वायूच्या मोजक्या प्रकल्पांतून, मोजक्या देशांत वेगळा काढला जातो, आणि त्या प्रकल्पांचे पुढे काय होणार हे आपल्या हातात नसते. जून २०१७ मध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा तिथले हीलियमचे कारखाने काही काळ बंद पडले. २०२१-२२ मध्ये रशियाच्या अमूर प्रकल्पात आग आणि स्फोट झाला, आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या सरकारी हीलियम केंद्राचे कामही महिनोन्‌महिने थांबले होते. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेने आपला तो सरकारी साठाच खासगी कंपनीला विकून टाकला. यातल्या एकाही घटनेशी जळगाव, नांदेड किंवा पणजीतल्या संशोधकाचा संबंध नाही, तरी प्रबंधाच्या शेवटच्या वर्षात त्याचे नमुने रांगेत पडून राहतात ते यामुळेच.

आता अतिसंवाहकाकडे वळतो. १९८६ साली झुरिकमधल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्‌झ आणि म्युलर यांना ३० केल्व्हिनच्या वर अतिसंवाहक होणारे तांब्याचे ऑक्साइड सापडले. पुढच्याच वर्षी यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड आले, ते थेट ९० केल्व्हिनच्या वर, म्हणजे लिक्विड नायट्रोजनमध्येही अतिसंवाहक. त्या वर्षी बंगळुरूत सी. एन. आर. राव यांच्या गटापासून देशभरच्या प्रयोगशाळांपर्यंत सगळ्यांनी त्याच्या गोळ्या भाजल्या, आणि सरकारने राष्ट्रीय कार्यक्रमही उभा केला. पण भाजलेली गोळी वेगळी आणि किलोमीटरभर लांब, वाकवता येणारी, क्षेत्रात टिकणारी तार वेगळी. ती व्हायला जगाला पंचवीसेक वर्षे लागली. आज जी रेबको (याच कुळातल्या ऑक्साइडची) फीत मिळते तिच्यात अतिसंवाहकाचा थर एक-दोन मायक्रोमीटरचा असतो, आणि बाकी सगळे त्याला आधार देणारे हॅस्टेलॉय, चांदी आणि तांबे. संलयनाच्या मागे लागलेल्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत या फितीची मागणी वाढवली, त्यामुळे उत्पादनही वाढले. आपल्या प्रकल्पासाठी ही वेळ चांगली आहे ती त्यामुळे.

या फितीचे एनएमआरमध्ये दोन अगदी वेगळे उपयोग आहेत, आणि आपल्या विभागाच्या बैठकांत बहुतेक वेळा पहिल्याचीच चर्चा होते असे मला दिसते.

पहिला उपयोग क्षेत्र वाढवण्याचा. जुन्या धातूंच्या तारांनी एनएमआर चुंबक २३.५ टेस्लापर्यंत, म्हणजे १ गिगाहर्ट्‌झपर्यंत नेता आला. असा पहिला चुंबक २००९ मध्ये फ्रान्समध्ये लियोंला बसला. त्यापुढे नायोबियम-टिनची तार दम सोडते. जपानने आतल्या बाजूला बिस्मथच्या अतिसंवाहकाचे वेटोळे घालून १०२० मेगाहर्ट्‌झ गाठले. त्या चुंबकाला २०११ च्या भूकंपाचाही फटका बसला होता, तरी त्यांनी तो पुन्हा उभा केला. नंतर रेबकोचे आतले वेटोळे घातलेला २८.२ टेस्लाचा, १.२ गिगाहर्ट्‌झचा व्यापारी चुंबक २०२० मध्ये फ्लॉरेन्स विद्यापीठात सुरू झाला आणि मागोमाग झुरिकला गेला. ४०० वरून १२०० मेगाहर्ट्‌झवर गेले तर संवेदनशीलता ढोबळमानाने पाचपट होते, आणि तेवढ्याच दर्जाचा वर्णपट घ्यायला लागणारा वेळ पंचविसाव्या भागापेक्षाही कमी होतो. ज्या प्रथिनांना ठरलेली घडी नसते, त्यांचा अभ्यास करणाऱ्यांना हे यंत्र हवेच. भारतात असे एखादे राष्ट्रीय यंत्र यावे याला माझा मुळीच विरोध नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या १.२ गिगाहर्ट्‌झच्या चुंबकातली उच्च तापमानाची फीतही २ केल्व्हिनच्या हीलियमातच बुडालेली असते. तिथे ती क्षेत्रासाठी आहे. हीलियमची तहान तिने भागवलेली नाही.

माझे पत्र दुसऱ्या उपयोगासाठी आहे. क्षेत्र जुनेच, ९.४ टेस्ला, पण तापमान वर नेलेले. ही फीत १५-२० केल्व्हिनवर एवढे क्षेत्र आरामात धरते, आणि तेवढी थंडी द्यायला हीलियमचा हौद लागत नाही. विजेवर चालणारा क्रायोकूलर पुरतो. त्याच्या बंद नळ्यांत थोडा हीलियम वायू फिरतो खरा, पण तो भरून झाला की पुन:पुन्हा मागवावा लागत नाही. हे कागदावरचे स्वप्न नाही. ब्रिटनमध्ये बिस्मथच्या फितीचा ४०० मेगाहर्ट्‌झचा असा चुंबक ५ ते २२ केल्व्हिनमध्ये चालवून त्याच्या वर्षभराच्या कामगिरीचा अहवाल प्रसिद्ध झाला आहे. आपल्याकडे एमआरआयमध्येही वारे बदलत आहेत. बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्सने द्रव हीलियम न लागणारे १.५ टेस्लाचे यंत्र बनवले आणि ते चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसले.

अडचणी नाहीत असे सांगून मी आपली दिशाभूल करणार नाही, कारण आपले तज्ज्ञ नेमके तेच प्रश्न विचारतील.

सगळ्यात मोठी अडचण सांध्याची. रेबकोच्या दोन फिती पूर्ण अतिसंवाहक सांध्याने जोडणे फार कठीण. जपानच्या रिकेनने २०१८ मध्ये ४०० मेगाहर्ट्‌झच्या चुंबकात असे सांधे चालवून दाखवले, पण ती कला अजून सर्वांच्या हाती आलेली नाही. सांधे नसले की प्रवाह आपोआप फिरत राहत नाही, पुरवठा कायम जोडलेला ठेवावा लागतो आणि त्याची प्रत्येक थरथर वर्णपटात उतरते. एनएमआरला क्षेत्र अब्जात एक भाग इतके सारखे आणि स्थिर लागते. ४०० मेगाहर्ट्‌झवर अर्ध्या हर्ट्‌झचा फरक म्हणजे एवढेच. दुसरी अडचण फितीच्या रुंदीची. चार मिलिमीटर रुंदीच्या पातळ थरात क्षेत्र बदलताना स्वतःचे भोवरे तयार होतात. ते मुख्य क्षेत्र वेडेवाकडे करतात आणि तासन्‌तास, दिवसेंदिवस सावकाश सरकत राहतात. माझ्यासारख्याला हे पहिले दुखणे वाटते, कारण शिमिंग केलेले सकाळी जुळते आणि दुपारी बिघडते. तिसरी अडचण क्वेंचची, तीही उलट्या बाजूने. जुन्या तारेत क्वेंच झपाट्याने पसरतो, म्हणून उष्णता वाटली जाते. या फितीत तो मिलिमीटर-सेंटिमीटरच्या चालीने सरकतो, कळायच्या आत एका ठिपक्यापुरती फीत जळून जाते. यावर मसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हान आणि इवासा यांनी २०११ मध्ये एक धीट उपाय मांडला. वेटोळ्यांमधले इन्सुलेशनच काढून टाकायचे, म्हणजे जळणाऱ्या जागेला वळसा घालून प्रवाह शेजारच्या फेऱ्यात उतरतो. त्याच तंत्राच्या छोट्याशा वेटोळ्याने २०१९ मध्ये अमेरिकेत टॅलाहसीला मोठ्या चुंबकाच्या आत बसून ४५.५ टेस्ला गाठले. उपाय उत्तम, पण इन्सुलेशन काढले की चुंबक चढवायला वेळ लागतो आणि क्षेत्र ठरायलाही. एनएमआरला तो जसाच्या तसा चालत नाही.

म्हणून मी असे सुचवतो की पहिले लक्ष्य घन नमुन्यांचा एनएमआर ठेवावे. तिथे रेषा मुळातच रुंद असतात, द्रवांइतकी अब्जातल्या एका भागाची सक्ती नसते. औषधांचे स्फटिकी प्रकार, झिओलाइट उत्प्रेरक, बॅटरीचे पदार्थ, सिमेंट ही सगळी कामे त्यात होतात आणि महाराष्ट्र-गोव्याच्या औषध उद्योगाला त्यातले पहिले काम रोज लागते. त्यावर हात बसला की द्रवांच्या वर्णपटाकडे जावे. उलटा क्रम घेतला तर प्रकल्प पहिल्या दोन वर्षांत शिमिंगमध्येच अडकेल.

भारताला हे जमेल का? डोकी तर आपली पहिल्यापासून या क्षेत्रात आहेत. एम.एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला इथेनॉलच्या वर्णपटातल्या तीन रेषा दाखवतात. १९५१ साली त्या जगापुढे ठेवणाऱ्या स्टॅनफर्डच्या तिघांपैकी एक एस. एस. धर्माट्टी होते, आणि त्यांनीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआर उभे केले. प्रथिनांची रचना उलगडणारे नोएसी तंत्र १९८० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा अर्न्स्ट आणि व्यूथ्रिश यांच्या नावांच्या आधी बंगळुरूच्या अनिल कुमार यांचे नाव होते. पुढे त्या दोघांनाही नोबेल मिळाले. त्या सगळ्या काळात आपले चांगले एनएमआर चुंबक मात्र बाहेरूनच येत राहिले.

चुंबक बनवण्याचा अनुभवही आता शून्य नाही. सर्नच्या एलएचसीसाठी सतराशेहून अधिक अतिसंवाहक सुधारक चुंबक इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या देखरेखीखाली भारतीय कारखान्यांनी गुंडाळले. भाभा अणुसंशोधन केंद्राने नायोबियम-टायटॅनियमची तार बनवली. पवईतली समीर ही सरकारी संशोधन संस्था आणि दिल्लीचे इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर यांनी स्वदेशी एमआरआयच्या कामात १.५ टेस्लाच्या चुंबकापर्यंत मजल मारली. एमआरआयपेक्षा एनएमआरचा चुंबक भोकाने लहान, पण अचूकतेने फार कडक असतो. हेच लोक एकत्र बसवले तर पाच-सहा वर्षांत पहिला नमुना उभा राहावा असा माझा अंदाज आहे. फीत स्वतः बनवण्याच्या हट्टाला मात्र सुरुवातीला पडू नये. मायक्रोमीटरचा थर किलोमीटरभर सारखा चढवण्याची विद्या इतरांनी दोन-तीन दशके घासून मिळवली आहे. फीत चार-पाच देशांतून विकत मिळते. गुंडाळणी, सांधे, थंडावा, शिम आणि पुरवठ्याची स्थिरता ही आपण शिकण्याजोगी आणि शिकलो तर आपली राहणारी कामे आहेत.

आता निविदेकडे येतो, कारण हा भाग आपल्याला उद्यासुद्धा बदलता येईल आणि त्याला नवा पैसा लागत नाही.

आपल्या फिस्ट या अनुदान योजनेतून किंवा अन्य योजनेतून विद्यापीठाच्या विभागाला यंत्र मंजूर होते. तांत्रिक पात्रता पार केलेल्यांत ज्याचा दर कमी तो एल-वन, यंत्र त्याचे. त्या दरात हीलियम नसतो. तीन वर्षांची हमी संपली की हीलियम, नायट्रोजन आणि वार्षिक देखभाल करार (एएमसी) हे सगळे विद्यापीठाच्या आवर्ती खर्चात येऊन पडते, आणि योजनेत आवर्ती खर्चाला जागा नसते. बैल स्वस्तात घेतला आणि कडब्याचा हिशेबच केला नाही, असा हा व्यवहार. हीलियम कमी खाणारा किंवा मुळीच न खाणारा चुंबक घ्यायचा म्हटले तर तो खरेदीच्या दिवशी महाग दिसतो आणि एल-वनमध्ये बाद होतो. मग त्याचे पुढचे काम कुणी करायचे, आणि विक्रेत्याने भारतात आणायचा तरी कशाला? जून २०२५ मध्ये वित्त मंत्रालयाने वैज्ञानिक उपकरणांच्या जागतिक निविदांचे अधिकार कुलगुरू आणि संचालकांना दिले, हे चांगले झाले. त्याच धाग्यात आणखी एक नियम घाला. एनएमआर आणि तत्सम अतिशीत यंत्रांच्या प्रत्येक बोलीत विक्रेत्याने वर्षाला किती लिटर हीलियम लागेल, किती युनिट वीज लागेल, कोल्डहेड (क्रायोकूलरचा थंडावा देणारा भाग) किती तासांनी बदलावे लागेल आणि त्याचा दर काय, हे हमीसह लिहून द्यावे. आणि पंधरा वर्षांचा हा सगळा खर्च मिळवून मगच एल-वन ठरवावा. लिहून दिल्यापेक्षा जास्त हीलियम लागला तर त्याची भरपाई विक्रेत्याने करावी.

काही जण म्हणतील, हीलियम परत गोळा करून द्रव करा. टाटा संस्थेत ते दशकानुदशके चालते आणि उत्तम चालते. पुण्यात एनसीएल आणि आयसर शेजारी-शेजारी आहेत, तिथेही सामायिक व्यवस्था शोभेल. पण एकच चुंबक असलेल्या विद्यापीठाला त्याच्यासाठी द्रवीकरण यंत्र आणि ते चालवणारा माणूस कोण देणार? टेबलावरचे कायम चुंबकाचे छोटे एनएमआर शिकवायला छान, पण २ टेस्लाच्या आसपास त्यांची धाव संपते, आणि गुंतागुंतीच्या नैसर्गिक संयुगाच्या रेषा त्यात एकमेकींवर चढतात.

शेवटची विनंती माहितीची आहे. देशातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत किती एनएमआर चुंबक आज गरम होऊन पडलेले आहेत, कधीपासून आणि कशामुळे, याची यादी आपल्या विभागाने मागवून संशोधन यंत्रांची माहिती देणाऱ्या आय-स्टेम पोर्टलवर जाहीर करावी. पोर्टलवर चालू यंत्रे दिसतात, बंद पडलेली दिसत नाहीत. नव्या प्रकल्पाला किती ठिकाणी पहिले चुंबक लागतील हे त्या यादीतून लगेच समजेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एका राज्य विद्यापीठातील एनएमआर यंत्राचा तांत्रिक कर्मचारी

ता. क. : "वीज गेली तर क्रायोकूलर थांबेल, मग काय?" हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल, आणि ग्रामीण महाराष्ट्रात तो रास्त आहे. २० केल्व्हिनवर तांब्याची आणि बाकी धातूंची उष्णता सामावण्याची क्षमता ४ केल्व्हिनपेक्षा अनेक पटींनी जास्त असते, त्यामुळे कूलर बंद पडला तरी तापमान हळू चढते आणि थोडा वेळ हाताशी मिळतो. तो वेळ पुरेल असे गृहीत मात्र धरू नये. पुरवठ्यावर चालणारा चुंबक सुरक्षितपणे उतरवण्यापुरता यूपीएस, कंप्रेसरसाठी स्वतंत्र जनित्र आणि चिलरचे पाणी या तिन्हींची तरतूद यंत्राच्या मंजुरीपत्रातच असावी. नंतर मागितली तर ती "विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून करावी" असा शेरा येतो, आणि मग ती होत नाही.